तळहातावर मावणारा पपायरस



आज ऐकूया एका जुन्या तुकड्याविषयी.
तो आहे पपायरसचा.
नाईलकाठच्या वनस्पतीचे पातळ काप…
उभे-आडवे ठेवून, दाबून, वाळवून…
लिहिण्यासाठी केलेलं हे पान.

तुकडा तळहातावर मावेल एवढाच.
पण दोन्ही बाजूंना हातानं लिहिलेली ग्रीक अक्षरं आहेत.
म्हणजे ती गुंडाळी नव्हती…
पानांचं पुस्तक होतं!

मजकूर बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या शुभवर्तमानातला…
येशू आणि रोमन सुभेदार पिलात यांचा संवाद.

इजिप्तच्या कोरड्या हवेत तो शतकानुशतकं टिकला.
१९२० साली तिथेच विकत घेतला गेला.
आज तो मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे.

ग्रीक नवा करार अशा हातानं केलेल्या नकलांतूनच आपल्यापर्यंत आला.
पुढे अशाच मूळ हिब्रू-ग्रीक मजकुरावरून पंडिता रमाबाईंनी केडगावी बायबल मराठीत आणलं.

श्रोतेहो, लक्षात ठेवूया…
हातानं उतरवलं, म्हणूनच ते टिकलं.