भाड्याचे घर आणि खरे नाव



भोर आणि वेल्हे हे दोन्ही भाग डोंगराचे. पाऊस उदंड, परंतु भाताच्या खाचरावर वर्षाचे पोट भरत नाही. भाटघर आणि पानशेत येथील धरणांनी खोऱ्यांतील जमीन पाण्याखाली नेली. त्यामुळे येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटामागे परगावी जात आला आहे. पूर्वी तो मुंबईच्या गिरणीत गेला. आज त्याची मुले पुण्यास, बंगळूरास, दिल्लीस जातात. नोकरीचे पत्र हाती असते, परंतु राहावयास खोली नसते. खोली दाखविणारा प्रथम भाडे सांगत नाही; तो प्रथम आडनाव विचारतो. अशा वेळी आपण काय उत्तर द्यावे, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्यापुढेच प्रथम उभा राहिला, असे नव्हे. १९१७ साली बाबासाहेब न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून परतले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास गेले. राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहाच्या रखवालदाराने, नोंदवहीत पारशी नाव लिहावे या अटीवर त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्याच संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम त्याने दिला. एक हिंदू स्नेही व एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही सबबी सांगितल्या. उरलेला वेळ कामाठी बागेत काढून बाबासाहेब रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

या प्रसंगाकडे वकिलाच्या दृष्टीने पाहा. उसन्या नावाने त्यांना अकरा दिवस मिळाले, त्यापलीकडे काही नाही. त्या काळी अशी अडवणूक हा गुन्हा ठरविणारा कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता. आपल्या पाठीशी तो आहे. तरीही आपल्यातील पुष्कळजण आजही दारात दुसरे आडनाव सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. कडेवर मूल आणि हातात बोचके असलेला माणूस तत्त्वाची परीक्षा द्यावयास निघालेला नसतो. परंतु खोट्या नावाची खोली ही रोजच्या भीतीची खोली असते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावता येत नाही. पाहुणा आला की त्याला दबक्या आवाजात सूचना द्यावी लागते. शिवाय फसवून घेतलेली संमती रद्द करता येते, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. म्हणजे घरमालकाच्या हाती हत्यार आपणच देतो. आणि करार नोंदविताना आधार कार्ड पुढे ठेवावे लागते, तेव्हा खोटे नाव टिकत नाही.

आता हक्काचे बोलू. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तो अनुच्छेद अमलात आणणारा १९५५ चा कायदा आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. कोणत्याही वस्तीत राहण्याचे घर मिळविण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे, हा त्याच्या कलम ४ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. पोलिसांनी स्वतः दखल घ्यावी असा हा गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर पडतो. धम्मदीक्षा घेतल्याने हे संरक्षण गेले, अशी शंका काही कुटुंबे विचारतात. ते गेलेले नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला. जातीचा दाखला जपून ठेवा.

मात्र घरमालक क्वचितच खरे कारण बोलतो. "खोली कालच गेली," एवढेच तो म्हणतो. म्हणून खोली पाहावयास एकटे जाऊ नका. सोबत साक्षीदार न्या. मोबाईलवर आलेला निरोप पुसू नका. कोण, कधी, काय बोलले, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

खोली मिळाल्यावर कागद करून घ्या. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा 'लिव्ह अँड लायसन्स'चा प्रत्येक करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती पाळली नाही, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत किती, ती केव्हा परत मिळणार, वीज-पाण्याचे पैसे कोणी भरावयाचे, हे सारे त्यात लिहा. पैसे बँकेतून द्या. आपले कर्तव्यही ओळखा: लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडल्यास दुप्पट रक्कम भरण्याची पाळी येते. परराज्यात जाणाऱ्यांनी तेथील कायदा आधी विचारून घ्यावा, कारण भाड्याचे कायदे राज्यागणिक निराळे आहेत.

भोर-वेल्ह्यातून आधी गेलेल्या कुटुंबांना माझी एक विनंती आहे. गावाकडून नवा मुलगा आला, तर पहिला महिनाभर त्याला आपल्या घरी आसरा द्या. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला खरे नाव सांगणे जड जाते. पाठीशी छप्पर असलेल्याला ते सोपे होते.

शेवटी एक कटू गोष्ट. आपल्यातील काहींनी कष्टाने दोन खोल्या बांधल्या आणि ते आज स्वतः घरमालक झाले आहेत. त्यांच्या दारी उद्या एखादे मातंग कुटुंब येईल, मुसलमान कुटुंब येईल, किंवा आपल्याच धम्मातील परंतु दुसऱ्या पोटजातीतून आलेले कुटुंब येईल. त्यांना आपण काय विचारणार? आडनाव विचारणार, की भाडे सांगणार? जो प्रश्न आपल्याला दारात टोचला, तोच आपण दुसऱ्याला विचारला, तर दीक्षेने आपल्यात काय बदलले? येणाऱ्याला खोली दाखवा, भाडे सांगा आणि करार नोंदवा. कायदा दुसऱ्याच्या दारात मागावयाचा असेल, तर तो आपल्या दारात आधी पाळला पाहिजे.

जय भीम.