कमी पैशांत गिलमोरचा आवाज

पिंक फ्लॉइडची गाणी वाजवायची म्हणून चार-पाच जण जमतात, सोसायटीच्या रिकाम्या खोलीत तालीम सुरू होते आणि पहिली अडचण येते ती गिटारवाल्याची. आवाज हवा फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा आणि पैसे मोजके. असा ट्रिब्यूट बँड उभा करणाऱ्या मुलामुलींशी आज मला बोलायचं आहे.

गिलमोरची काळी फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर 2019 साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाली आणि 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. पण 1970 साली त्यानं ती घेतली होती एका दुकानातून, इतर कुणीही घ्यावी तशी. पुढे तो तिचे पिकअप बदलत राहिला, नेकसुद्धा बदलली. तेव्हा गिटारवरच्या नावासाठी कर्ज काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाहायचं ते पिकअपकडे. स्ट्रॅटचा तो स्वच्छ, घंटेसारखा सूर सिंगल कॉइल पिकअपमधून येतो. फेंडरच्याच स्क्वायर नावानं मिळणाऱ्या स्वस्त स्ट्रॅटमध्ये ते असतात. यामाहाची पॅसिफिका 112 घेतलीत, तर ब्रिजजवळ हमबकर असतो. पण उरलेले दोन पिकअप सिंगल कॉइलच आहेत आणि फ्लॉइडच्या संथ सुरावटींना ते पुरतात. आणि ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा गाजलेला सोलो तर गिलमोरनं स्ट्रॅटवर वाजवलेलाच नाही, तो आहे गिब्सन लेस पॉलवर.

स्वस्त गिटारची खरी परीक्षा होते ती बेंडमध्ये. गिलमोर एका पडद्यावर बोट दाबून तार ओढतो आणि सूर कधी एका, कधी दोन स्वरांनी वर नेतो. सतारीची मींड ज्यांच्या कानात आहे, त्यांना यातली गंमत सांगायला नको. दुकानात गिटार सुरात लावा, तिसरी तार अशी खूप ओढा, सोडा आणि सूर पुन्हा तपासा. हेडस्टॉकजवळ, तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला नट म्हणतात. तिथून ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि तार उतरलेली निघाली, तर ती खाचेत अडकते आहे. पुष्कळदा खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं की काम भागतं. नाहीच भागलं, तर जाणकार कारागिराकडून सेटअप करून घ्या. त्यासाठी थोडे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. चांगल्या सेटअपची साधी गिटार बिनसेटअपच्या महाग गिटारपेक्षा हाताला गोड लागते.

आता अँप. माझ्या मते निम्म्याहून जास्त पैसे इथे घालावेत. गिलमोर वापरायचा तो हायवॉट 100 वॅटचा, आणि त्याचं वैशिष्ट्य म्हणजे आवाज कितीही वाढवला तरी तो स्वच्छ राहायचा. सोलोमधला तो भरदार, लांबलेला सूर बिग मफसारख्या पेडलमधून यायचा आणि प्रतिध्वनी इको यंत्रातून. घरी सरावाला आणलेला आठ इंची स्पीकरचा छोटा अँप ड्रमशेजारी ठेवला, की तो स्वतःच फाटायला लागतो. त्यात पेडलचा फज मिसळला, की सगळा चिखल होतो. म्हणून बारा इंची स्पीकरचा, चाळीस-पन्नास वॅटचा ट्रान्झिस्टर अँप घ्या. बॉस कटानाच्या पन्नास वॅटच्या मॉडेलमध्ये डिले, म्हणजे तो प्रतिध्वनीसुद्धा, आतच मिळतो. पहिल्या वर्षी वेगळी पेडलं घ्यायची गरज नाही. शंभर वॅटच्या मागे धावू नका. पन्नासाचे शंभर केले, तर फरक पडतो जेमतेम तीन डेसिबलचा. व्हॉल्व्हचे अँप मलाही फार आवडतात, पण ते जड असतात, व्हॉल्व्ह बदलावे लागतात आणि तो खर्च नव्या बँडला झेपत नाही.

जुना अँप घेत असाल, तर त्याची मागची बाजू वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेले अँप बहुधा 120 व्होल्टचे असतात. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर ते थेट लावले, तर जळू शकतात. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची किंमत आणि त्याचं ओझं सौद्यात धरा. अँपची बटणं एकेक करून सावकाश फिरवा, खरखर ऐकू येते का पाहा. आणि शक्य असेल, तर तो अँप पैसे देण्याआधी एकदा तुमच्या ड्रमरसमोर, तालमीच्या खोलीत, पूर्ण आवाजात वाजवून बघा.