इंग्रजीतील सर्वनाम, क्रियापद व शब्दयोगी अव्यय



‘त्याला विचार’ याचे इंग्रजी मूल ‘आस्क टू हिम’ असे करते, तेव्हा ते मंदबुद्धी नसते. ‘ला’ म्हणजे ‘टू’ ही आपलीच शिकवण ते प्रामाणिकपणे पाळीत असते. मराठीत प्रत्यय सर्वनामाला चिकटतो. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय सर्वनामापूर्वी येते, आणि ते कोणते यावे, यावे की नाही, हे पुष्कळदा क्रियापद ठरविते. म्हणून ‘आस्क हिम’, परंतु ‘लिसन टू हिम’. ‘लुक ॲट हिम’ म्हणजे त्याच्याकडे पाहा. ‘लुक आफ्टर हिम’ म्हणजे त्याची काळजी घे.

तेव्हा सुटे शब्दार्थ पाठ करवून न घेता संपूर्ण वाक्य कृतीसह तोंडी घोटवावे. तांबड्या शाईच्या धाकाने मूल अबोल होते. आणि अबोल मुलास कोणतीच भाषा येत नाही.