पाण्यानें थंड राहणारा संगणक : सुट्या भागांची निवड

हौसेला मोल नाहीं, अशी म्हण आहे. परंतु ज्याला हौस पुरवावयाची असते त्याला मोल द्यावेंच लागतें. संगणकावरील खेळांच्या शौकिनांत अशीच एक हौस गेलीं पंचवीस-तीस वर्षें रूढ आहे. तयार संगणक विकत न घेतां त्याचे सुटे भाग पारखून आणावयाचे, ते आपल्या हातानें जोडावयाचे, कारखानदारानें नेमून दिलेल्या गतीच्या पलीकडे तो संगणक पळवावयाचा, आणि त्यापायीं उत्पन्न होणारी उष्णता पाण्याच्या साहाय्यानें बाहेर काढावयाची, असें या हौसेचें स्वरूप आहे. अशा संगणकाला मोटारसायकलीइतका, आणि हात सैल सोडल्यास लहान मोटारीइतका पैसा लागतो. हा पैसा बहुधा एखाद्या तरुणाच्या पहिल्या बचतीचा, नाहीं तर त्याच्या वडिलांच्या खिशांतला असतो. म्हणून कोणता भाग कां घ्यावा आणि कोठें हात आखडावा, याचा विचार दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच झालेला बरा.

प्रथम गतीचा विचार करूं जातां असें दिसतें कीं, संगणकाचा प्रोसेसर एका ठराविक तालावर काम करतो. हल्लींच्या प्रोसेसरांत हा ठेका एका सेकंदांत चारशें-पांचशें कोटि वेळां पडतो. कारखान्यांतून निघतांना चकतीला जी गति नेमून दिलेली असते, ती त्या जातीच्या सर्व चकत्यांना निर्धोकपणें झेपेल अशी, म्हणजे कांहीं शक्ति राखून दिलेली असते. ही राखीव शक्ति वापरून घेणें यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या विद्येचें गाजलेलें उदाहरण १९९८ सालचें आहे. त्या वर्षीं इंटेल कंपनीनें सेलेरॉन ३००ए नांवाचा स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणला. मदरबोर्डावरील मूळ ताल ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला कीं हा प्रोसेसर ३०० ऐवजीं ४५० मेगाहर्ट्झनें चाले. आणि पुष्कळशा चकत्या ही दीडपट गति विनातक्रार सोसत. थोड्या पैशांत महाग प्रोसेसरांच्या तोडीचें काम पदरांत पडत असल्यामुळें त्या काळीं हा उद्योग खरोखरीच काटकसरीचा होता.

तो काळ आतां राहिला नाहीं. आजचा प्रोसेसर स्वतःची उष्णता आणि विद्युत्‌प्रवाह क्षणोक्षणीं मोजतो आणि जेवढी गति झेपेल तेवढी आपण होऊनच घेतो. राखीव शक्ति कारखानदारच वापरून टाकतो. घेणाराच्या वांट्याला उरते ती बहुधा शेंकडा दहाच्या आंतलीच. उलट तिच्यासाठीं द्यावी लागणारी किंमत मात्र मोठी असते. चकतींतील उष्णतेचा मुख्य भाग गतीच्या प्रमाणांत आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गति शेंकडा १० वाढविली आणि ती टिकावी म्हणून दाबही शेंकडा १० चढवावा लागला, तर उष्णता शेंकडा १० नव्हे, शेंकडा ३३ वाढते. शिवाय चढ्या दाबानें चकती झिजते. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या टेबलावरील संगणकांचे कांहीं प्रोसेसर मधूनमधून कोसळूं लागले, तेव्हां त्याचें कारण प्रमाणाबाहेर चढणारा विद्युद्दाब हेंच असल्याचें कंपनीनें जाहीर केलें, सुधारणा पुरविली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढवून दिली. जी चकती आधींच बिघडली ती मात्र या सुधारणेनें पूर्ववत् होण्यासारखी नव्हती. अधिक दाब देऊन यंत्र पळविणारानें या प्रकारापासून बोध घेण्यासारखा आहे.

खेळाच्या संगणकांत केवळ ताल म्हणजे वेग नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. २०२२ सालच्या एप्रिलांत एएमडी कंपनीनें रायझेन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर विक्रीस काढला. त्यांत गणित करणाऱ्या चकतीवर स्मरणाचा एक जादा थर बसवून जवळचें स्मरण ३२ वरून ९६ मेगाबाइटांवर नेलें होतें. या जादा थरामुळें त्याची गति त्याच्या साध्या भावंडापेक्षां कमी ठेवावी लागली, आणि ती वाढविण्याची मुभाही ठेवलेली नव्हती. तरी पुष्कळशा खेळांत तोच पुढें गेला. स्वयंपाकघरांतील डबे हाताशीं असले म्हणजे वारंवार कोठीच्या खोलीकडे धांवावें लागत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. पुढें २०२४ सालच्या नोव्हेंबरांत आलेल्या ९८००एक्स३डी या प्रोसेसरांत तोच थर चकतीच्या खालीं घेतला गेला. त्यामुळें उष्णतेची वाट मोकळी झाली आणि गति वाढविण्याची मुभाही मिळाली. तेव्हां ज्याला खेळाकरितांच प्रोसेसर घ्यावयाचा आहे, त्यानें चकतीवर छापलेल्या गतीच्या आंकड्याहून तिच्या जवळच्या स्मरणाकडे आधीं पाहावें.

भागांची निवड मात्र प्रोसेसरापासून नव्हे, पडद्यापासून सुरू करावी. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारें २१ लक्ष बिंदु असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर त्यांच्या बरोबर चौपट, म्हणजे सुमारें ८३ लक्ष. हे सर्व बिंदु रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें आहे. पडदा सेकंदास १४४ वेळां बदलणारा असेल, तर एक चित्र पुरें करण्यास सात मिलिसेकंदांहूनही कमी अवधि मिळतो. मोठ्या पडद्यावर कार्ड दमतें आणि प्रोसेसर त्याची वाट पाहत बसतो; लहान पडद्यावर अत्यंत वेगानें खेळणाराच्या बाबतींत पुष्कळदां याच्या उलट घडतें. विहिरीला पाणी मुबलक असलें तरी पाट अरुंद असेल तर शेवटचा वाफा कोरडाच राहतो. आपला पाट कोठें अरुंद आहे, हें न पाहतां जो भलत्याच भागावर पैसा ओततो, त्याच्या हातीं निराशेखेरीज कांहीं लागत नाहीं.

ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत महाग आणि सर्वांत उष्ण भाग होय. २०२५ च्या आरंभीं आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या कार्डाची विजेची भूक ५७५ वॅटांची आहे, तर त्याच्या खालच्या ५०८० ची ३६० आणि ५०७० टीआयची ३०० वॅटांची. ज्याला पाण्याची व्यवस्था करावयाची आहे, त्यानें कार्ड निवडतांनाच त्याला बसणारा वॉटर-ब्लॉक मिळतो कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. एकाच नांवाचीं कार्डें निरनिराळे कारखानदार निरनिराळ्या मांडणीचीं काढतात, आणि एकाचा ब्लॉक दुसऱ्याला बसत नाहीं. कार्ड स्वस्त मिळालें पण त्याला ब्लॉकच नाहीं, अशी स्थिति झाल्यास सगळाच बेत फसतो.

मदरबोर्डाच्या बाबतींत डामडौलाला भुलूं नये. इंटेलच्या प्रोसेसरांत ज्यांच्या नांवाच्या शेवटीं ‘के’ हें अक्षर असतें त्यांचाच ताल मोकळेपणानें वाढवितां येतो, आणि त्यालाही ‘झेड’ मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीच्या बाबतींत ‘बी’ मालिकेच्या मध्यम किंमतीच्या बोर्डावरही हें साधतें. रॅमच्या चार पट्ट्यांपेक्षां दोनच घ्याव्या, कारण चार पट्ट्या वेगानें चालविणें अवघड जातें. डीडीआर५ जातीची, ६००० वेगाची, १६-१६ गिगाबाइटांची जोडी हल्लींच्या रायझेन प्रोसेसरांना चांगली मानवते.

ज्या भागाचें कौतुक कोणीच करीत नाहीं, परंतु ज्याच्यावर सर्व भागांचें आयुष्य अवलंबून असतें, तो भाग म्हणजे पॉवर सप्लाय. त्याच्यावरील सोनेरी-रुपेरी दर्जाचा शिक्का तो वीज किती वांचवितो एवढेंच सांगतो. तो किती विश्वासू आहे हें सांगत नाहीं. कार्डाची मागणी क्षणार्धांत नेमलेल्या वॅटांच्या पुष्कळच वर उसळते. ती उसळी सोसण्याची अट २०२२ सालच्या एटीएक्स ३.० या मानकांत घातलेली आहे, तेव्हां त्या किंवा त्यापुढील मानकाचाच सप्लाय पाहावा. ५०९० साठीं १,०००, ५०८० साठीं ८५० आणि ५०७० टीआयसाठीं ७५० वॅटांचा सप्लाय कारखानदारानेंच सुचविला आहे. ओव्हरक्लॉकिंग करणारानें त्यावर थोडी भर घालावी. कार्डाच्या बारीक खिळ्यांच्या जोडांत तार पुरती बसली नाहीं, तर जोड तापून वितळल्याचीं उदाहरणें २०२२ पासून घडलेलीं आहेत. तार शेवटपर्यंत बसविणें आणि घराच्या विजेला नीट अर्थिंग असणें, या दोन गोष्टी फुकटांतल्या विम्यासारख्या आहेत.

आतां पाण्याकडे वळूं. मोठ्या संगणकांना पाण्यानें थंड ठेवण्याची कल्पना नवी नव्हे. १९८० सालीं जाहीर झालेला आयबीएमचा ३०८१ हा संगणक पाण्यावरच थंड राहत असे. आणि २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकांतही द्रवानेंच चकत्या थंड करण्याची योजना आहे. तथापि पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें ती फक्त वाहून नेतें. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि त्यांत ३०० वॅट उष्णता पडत असेल, तर तें पाणी सव्वाचार अंशांहून थोडेंसेंच अधिक तापतें. तीन लिटर फिरत असेल तर दीड अंशही तापत नाहीं. म्हणून पाणी आधीं प्रोसेसराकडे न्यावें कीं कार्डाकडे, हा वाद व्यर्थ आहे. खरा प्रश्न रेडिएटरच्या क्षेत्रफळाचा आहे. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरनें मंद पंख्यावर सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकावी, असा ढोबळ हिशेब धरतात. प्रोसेसर आणि मोठें कार्ड या दोहोंसाठीं ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर मावतील अशीच पेटी घ्यावी लागते ती याचमुळें.

येथें महाराष्ट्राच्या हवेचाही विचार करणें प्राप्त आहे. रेडिएटरमधून फिरणारें पाणी खोलीतल्या हवेहून थंड होऊं शकत नाहीं. थंड देशांतील माणूस २० अंशांच्या खोलींत जे आंकडे मिळवितो, ते नागपुरास किंवा जळगांवास वैशाखांत मिळणार नाहींत. खोली ३८ अंशांची असेल आणि पाणी तिच्याहून १० अंश वर राहत असेल, तर तें ४८ अंशांवर पोंचतें. आणि पुष्कळशा पंपांना ६० अंशांपर्यंतचेंच पाणी चालतें. म्हणून ऊन कडक तेथें रेडिएटर एक पायरी मोठा आणि गति एक पायरी कमी, हें धोरण बरें. उलट, बर्फानें किंवा शीतयंत्रानें पाणी खोलीहून थंड करण्याचा मोह मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत घातक ठरतो. थंड झालेल्या नळ्यांवर आणि चकत्यांभोंवतीं दंव जमतें आणि यंत्र भिजतें.

धातूंची निवड हा या प्रकरणांतील सर्वांत नाजूक भाग आहे. तांबें, पितळ आणि निकेलचा मुलामा यांचा मेळ बसतो. पण त्याच पाण्यांत ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला कीं तो गंजून जातो. नळाचें किंवा विहिरीचें पाणी क्षारांमुळें वर्ज्य समजावें. शुद्ध पाण्यांत गंजरोधक आणि शेवाळनाशक मिसळूनच तें भरावें. दुधाळ रंगीत द्रव दिसावयास सुंदर असतात, परंतु त्यांतील कण सांचून ब्लॉकच्या बारीक खांचा बुजतात. जोडणी पुरी झाल्यावर इतर भागांना वीज न देतां केवळ पंप २४ तास चालवून गळती पाहावी. पंप कोरडा चालवूं नये. शुद्ध पाणी विजेचें वाहक नाहीं या भरंवशावरही कोणी राहूं नये. धूळ आणि धातु यांच्या संगतीनें तें लवकरच वाहक बनतें.

गळतीहूनही छुपा धोका चुकीच्या गणिताचा आहे. अतिगतीचें यंत्र तासन्‌तास खेळूं देतें आणि मधूनच एखादा अंक चुकवितें. खेळांत त्याची खबरही लागत नाहीं. पण त्याच संगणकावर प्रबंध, हिशेब किंवा घरचीं छायाचित्रें सांठविलेलीं असतील, तर ती चूक मुकाट्यानें त्यांत उतरते. म्हणून वाढविलेल्या गतीची कसोटी अवघड गणितें आणि रॅमच्या परीक्षा रात्रभर चालवून घ्यावी, आणि महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसरीकडे ठेवावी. एकही चूक आढळली तर गति खालीं आणावी. तेथें अभिमान कामाचा नाहीं.

मग पाण्याचा उपयोग तरी कोणता? त्याचा खरा लाभ शांतता हा आहे. मोठे रेडिएटर आणि मंद पंखे यांमुळें ५००-६०० वॅटांचें यंत्रही खोलींत जवळजवळ निःशब्द चालतें, आणि कार्ड थंड राहतें. वेगाचा लाभ मात्र थोडाच. जोडणीच्या नळ्या, ब्लॉक, पंप आणि रेडिएटर यांना जेवढा पैसा पडतो, तेवढ्यांत पुष्कळदां वरच्या दर्जाचें कार्डच येतें. आणि १२० वॅटांचा प्रोसेसर चांगल्या हवेच्या कूलरवरही सुखानें चालतो. तेव्हां पडदा, कार्ड, सप्लाय आणि प्रोसेसर यांची तरतूद झाल्यावर जें उरेल त्यांतून पाण्याची हौस पुरवावी, हाच क्रम योग्य होय. दर वर्षीं नळ्या उघडून धुण्याची ज्याची तयारी आहे, आणि शेंकडा पांच गतीसाठीं नव्हे तर हाताच्या कारागिरीच्या आनंदासाठीं जो हें काम अंगावर घेतो, त्याचा पैसा वायां जात नाहीं. इतरांनीं तो कार्डावर खर्चावा आणि खुशाल खेळावें.