कोंड्यातला धातू



चंद्रपूरच्या परिषदेत अध्यक्षाने कोळशावर बोलावे, गडचिरोलीचे नाव निघाले की सुरजागडच्या लोहखनिजावर बोलावे, अशी रीत आहे. आज मी ती मोडतो आणि इंडियमवर बोलतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जस्ताची भट्टी नाही, मग हा विषय इथे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मूल-सिंदेवाहीच्या राइस मिलमध्ये आहे. धान भरडले की तांदळाला भाव मिळतो, पण खाद्यतेल निघते ते कोंड्यातून. इंडियमही असाच कोंड्यात जाणारा धातू आहे.

केवळ त्याच्यासाठी कोणी खाण खोदत नाही. तो स्फॅलेराइट या जस्ताच्या सल्फाइडात दडलेला असतो, बहुधा टनामागे काही ग्रॅम, क्वचित शेकडो ग्रॅम. तांब्याचा एक अणू आणि इंडियमचा एक अणू जोडीने येतात आणि जस्ताच्या दोन अणूंच्या जागा घेतात. धातुक सांद्रित करून रोस्टरमध्ये नऊशे अंशांच्या वर भाजले की गंधक वायू होऊन निघून जाते. त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते. जस्ताचे ऑक्साइड होते, पण थोडे जस्त लोखंडाशी बांधले जाऊन फेराइट बनते.

खरा खेळ इथून पुढे. भाजलेला माल सौम्य आम्लात घातला की बहुतेक जस्त विरघळते. आम्लता उतरून पीएच पाचच्या आसपास आला की लोखंड साक्यात बसते आणि इंडियम त्याच्या मागोमाग जाते. हा अवशेष गरम, तीव्र आम्लात टाकला की फेराइट फुटते आणि दोघेही पुन्हा द्रावात येतात. आता लोखंड काढायचे म्हणून जॅरोसाइटचा पिवळा साका पाडला, तर त्यातल्या लोखंडाच्या जागी इंडियम शिरते आणि ढिगाऱ्यावर जाऊन पडते.

मात्र साका पाडण्याआधी थोडे न भाजलेले सल्फाइड घालून लोखंडाला फेरिकचे फेरस केले, तर चित्र पालटते. आम्लता बेताने उतरवली की फेरस लोखंड द्रावातच राहते आणि इंडियम एकटे खाली बसते. पुढे द्रावक-निष्कर्षणाने ते शुद्ध करता येते. धातू तोच, टाकीही तीच. फरक पडतो तो फक्त क्रमाचा.

सोबतच्या जर्मेनियमची तऱ्हा वेगळी. ते लोखंडाबरोबर काढून टाकले नाही, तर लिटरमागे मिलिग्रॅमचा अंशही विद्युतविघटनात घात करतो: कॅथोडवर बसलेले जस्त पुन्हा विरघळू लागते. म्हणून कारखान्याच्या लेखी जर्मेनियम उपद्रवी आणि इंडियम बिनउपद्रवी. उपद्रव देणाऱ्याची रोज तपासणी होते. न देणारा मुकाट्याने ढिगाऱ्यात जातो.

हाच माझा मुद्दा आहे. मोबाइलच्या पडद्यावरचा पारदर्शक, वीजवाहक थर इंडियम-टिन ऑक्साइडचा असतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांत इंडियम, गॅलियम, जर्मेनियम तिन्ही आहेत. चीनने त्याच वर्षी गॅलियम-जर्मेनियमच्या आणि २०२५ मध्ये इंडियमच्या निर्यातीला परवान्याचे बंधन घातले. आपल्या पोंभुर्णा तालुक्यात ठाणेवासना इथे तांबे आहे. नागपूर जिल्ह्यात कोलारी परिसरात जस्त आहे. तिथे इंडियम आहेच, असा दावा मी करत नाही. माझे मागणे एवढेच, की प्रकल्पाचा आराखडा कागदावर येण्याआधी मुख्य धातूच्या सोबत्यांची मोजणी व्हावी आणि प्रत्येक टप्प्यावर ते कुठे गेले याची नोंद राहावी.

एक इशाराही देतो. इंडियम काढले म्हणजे जॅरोसाइट निर्धोक झाला, असे नव्हे. त्यात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक राहतेच. वैनगंगा आणि वर्धा ज्या जिल्ह्यांच्या अंगणातून वाहतात, तिथे टाकाऊचा ढीग कुठे आणि कसा राहणार हे आधी ठरले पाहिजे. जंगलाची किंमत देऊन धातू काढायचा आणि त्यातला अर्धा ऐवज विषासकट मागे टाकायचा, हा व्यवहार कोणत्याच वहीत बसत नाही.

१८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे फर्डिनांड राइख जस्ताचे धातुक तपासत होते. ते रंगांध होते, म्हणून वर्णपट पाहायला त्यांनी सहकारी थिओडोर रिश्टर यांना बोलावले. रिश्टरना एक अनोळखी निळी रेघ दिसली. नीळ या रंगावरून धातूला इंडियम नाव पडले आणि त्या रंगाचे लॅटिन नाव आपल्या देशावरून आलेले.

राइख यांचे मोठेपण मला त्या बोलावण्यात दिसते. आपल्याला काय दिसत नाही हे त्यांना ठाऊक होते. आपल्या कारखान्यांतल्या ढिगाऱ्यांपाशीही आता रसायनाचे विद्यार्थी, भूवैज्ञानिक आणि त्या मातीशेजारी राहणारे गावकरी यांना बोलावू या. रेघ कोणाला आधी दिसेल, सांगता येत नाही.