न्गेगेचा स्वतंत्र रकाना



 आपल्या मत्स्यव्यवसाय परिषदेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलाच आहे, म्हणून अध्यक्ष या नात्याने मी माझा सगळा वेळ एका माशाला देणार आहे. तो आपल्या पाण्यात नाही. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया आणि क्योगा या सरोवरांत आणि भोवतालच्या लहान तळ्यांत तो घडला. शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस एस्क्युलेंटस. काठावरची माणसे त्याला न्गेगे म्हणतात. एके काळी व्हिक्टोरियाच्या मासेमारीचा तो कणा होता. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. असे का झाले, हे आपल्याला त्याच्या शरीरापासूनच समजून घ्यावे लागेल.

आधी त्याचे खाणे पाहू. न्गेगे प्लवकांवर जगतो. पाण्यात तरंगणारे डायाटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, इतके बारीक असतात की ते दाताने धरता येत नाहीत आणि कल्ल्यांच्या दात्यांनी गाळून घेणेही अवघड. १९५३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ ग्रीनवुड यांनी याचा उलगडा केला. माशाच्या तोंडातून चिकट स्राव सुटतो, प्लवकांचे कण त्यात गुंततात, आणि घशातले बारीक दातांचे जबडे तो गोळा मागे ओढून घेतात. सरोवरात सूर्यप्रकाशावर जे पिकते ते थेट खाऊन त्याचे मांस करणारा हा मासा होता. मधे कीटक नाही, लहान मासा नाही. सरोवराने इतक्या माणसांना इतकी वर्षे पोसले, त्याचे मोठे कारण ही आखूड अन्नसाखळी आहे.

आता त्याची वीण. नर उथळ पाण्यात तळाची वाळू उकरून गोल खळगा करतो आणि त्याची राखण करतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. नंतरचा सारा भार तिचा एकटीचा. अंडी तिच्या तोंडातच फुटतात. पिल्लांच्या पोटाखालचा बलक संपेपर्यंत ती त्यांना तोंडात वागवते. नंतर ती बाहेर पोहू लागतात, पण धोका दिसला की पुन्हा तिच्या तोंडात शिरतात. या सगळ्या काळात तिचे खाणे जवळजवळ बंद असते. आपल्या रोहू-कटल्याची मादी लाखांनी अंडी सोडते आणि निघून जाते; न्गेगेची मादी शेकड्यांनी देते, फार मोठी असेल तर हजाराच्या थोडी पुढे जाते. थोडी अंडी, मोठी अंडी आणि प्रत्येक पिल्लामागे आईची जोखीम. मत्स्यशास्त्रज्ञ रोझमेरी लो-मॅककॉनेल यांनी युगांडातल्या जिंजा इथल्या संशोधन केंद्रातून हे जीवनचक्र निरखले. मत्स्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांचे काम वाचावे, असा माझा आग्रह आहे.

अशी वीण असलेल्या जातीला तोंडात अंडी असलेली एक मादी गमावणे किती महाग पडते, हे इथे बसलेल्या मच्छीमारांना मी सांगायला नको. १९०१ मध्ये रेल्वे व्हिक्टोरियाच्या काठावरच्या किसुमूला पोचली आणि सरोवरातल्या माशाला दूरची बाजारपेठ मिळाली. १९०५ च्या सुमारास माशाला कल्ल्यांत अडकवणारी गिलनेट जाळी आली. पुढच्या वीस वर्षांत एकेका जाळ्यात लागणारे न्गेगे इतके घटले की १९२७-२८ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ मायकेल ग्रॅहम यांना सरोवराची पाहणी करायला पाठवावे लागले. या जातीला शास्त्रीय नाव देणारेही तेच. पाच इंचांपेक्षा बारीक आसाचे जाळे वापरू नये, ही त्यांची शिफारस होती. उपाय साधा होता आणि माशाची वीण ओळखून केलेला होता. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढिली पडली, आणि बारीक आसाची जाळी सरोवरात पसरली.

१९५० च्या दशकापासून घसरते उत्पन्न सावरायचे म्हणून बाहेरच्या जाती सोडण्यात आल्या. त्यांत नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा होता आणि न्गेगेच्याच गटातले इतर तिलापियाही होते. त्यांतला नाईल तिलापिया पुढे सर्वांना भारी ठरला. पर्चला आणू नका, असे शास्त्रज्ञ जॉफ्री फ्रायर यांनी १९६० मध्ये बजावले होते. पर्चच्या विध्वंसावर पुष्कळ लिहिले गेले आहे. न्गेगेच्या बाबतीत मला नाईल तिलापियाची भूमिका अधिक महत्त्वाची वाटते. तो न्गेगेचा सख्खा भाऊबंद. तोही तोंडात पिल्ले वाढवतो, पण आकाराने मोठा होतो आणि प्लवक, गाळ, कीटक, लहान मासे, जे मिळेल त्यावर जगतो. सरोवरात खतांचे आणि सांडपाण्याचे पोषण वाढले, डायाटम घटले, नीलहरित शैवाल माजले, तेव्हा हा सर्वभक्षी टिकून राहिला. शिवाय दोघांचा संकर होतो. न्गेगे उरला आहे असे वाटणाऱ्या काही तळ्यांतही जनुकीय तपासणीत नाईल तिलापियाचा अंश सापडला आहे. जाळ्याने जात घटते, पण तिचे उरलेले मासे शुद्ध असतात. संकराने उरलेलेही हातचे जातात.

केनियातल्या 'याला' नावाच्या दलदलीतले कन्याबोली सरोवर आणि युगांडातल्या नाबुगाबो परिसरातली काही लहान तळी हे आता त्याचे आसरे आहेत. ही तळी आणि मुख्य सरोवर यांच्या मधल्या, पपायरस या उंच लव्हाळ्याच्या दलदलीत प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे पर्च ती सहसा ओलांडत नाही. पपायरस कापून तिथे शेती करण्याचा विचार होतो, तेव्हा एका जातीची शेवटची भिंत पाडली जात असते. या तळ्यांचे रक्षण व्हावे, असे मला अगदी कळकळीने वाटते.

आता आपल्याकडे वळतो. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आला आणि नाईल तिलापिया त्यानंतर. उजनी धरणाच्या काठावर ज्याला आपण चिलापी म्हणतो, त्याच्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. त्या उत्पन्नाविरुद्ध मला एक शब्दही बोलायचा नाही. माझे म्हणणे नोंदीबद्दल आहे. तराजूवर सगळे तिलापिया एकाच वजनात मोजले, तर एक जात वाढते आणि दुसरी संपते तेव्हाही बेरीज तेवढीच दिसू शकते. आपल्या नद्यांतल्या स्थानिक जातींचेही तसेच. 'इतर मासे' या रकान्यात गेलेली जात कधी संपली, हे कुणालाच कळत नाही.

म्हणून उद्याच्या ठराव सत्रापुढे मी एक सूचना ठेवतो. मासळी उतरवण्याच्या प्रत्येक ठिकाणी जातवार नोंद सुरू करू या. हे काम अवघड नाही. नाईल तिलापियाच्या शेपटीच्या परावर वरपासून खालपर्यंत उभे पट्टे असतात, मोझांबिक तिलापियाच्या परावर ते नसतात. संशयास्पद मासा दिसला तर त्याच्या पराचा तुकडा मद्यार्कात घालून जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. नोंदवहीचा नमुना मी सोबत आणला आहे. त्यात खवले, काटवा, मरळ, वाम यांना स्वतंत्र रकाने आहेत. आणखी कोणते हवेत, ते दुपारच्या सत्रात काठावरच्या मंडळींनी सांगावे.