मधुमेह आणि जीवनाची गोडी



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी रोगाचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. तेव्हा हा विषय या सभागृहाबाहेरचा खचितच नव्हे.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम टोचले गेले. तोवर अशा मुलांना अर्धपोटी ठेवून काही काळ जगविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. आज आयुष्य लाभते. ते कसे जाते, हा प्रश्न उरला आहे.

रक्तातील साखर मोजता येते. तीन महिन्यांची सरासरीही एका चाचणीने कळते. मनाचा शीण मात्र कोणत्याही अहवालात उतरत नाही. औषध, पथ्य आणि हिशेब यांना सुट्टीचा वार नसतो. त्यातच पंगतीत कोणी प्रेमापोटी मोठ्याने म्हणते, ''काकांना लाडू वाढू नका हं!'' काकांना मात्र चारचौघांत आपला आजारच पानात वाढल्यासारखे होते. मग कोणी पंगत टाळतो, कोणी चोरून खातो.

परप्रांतात मंडळ हेच आपले गणगोत. म्हणून तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, जेवणाची वेळ. महाप्रसाद साडेबाराचा म्हणून सांगावा आणि आरत्या, सत्कार, भाषणे आटोपेतो अडीच वाजावेत, हा आपला परिपाठ. इन्शुलिन वा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याची साखर जेवण लांबल्यास धोकादायक उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेह्याला प्रसंगी साखरच वाचविते, हे प्रत्येक स्वयंसेवकास ठाऊक हवे.

दुसरी, पंगतीत आग्रह नको, तशी जाहीर मनाईही नको. उसळ, कोशिंबीर, ताक मुबलक असावे. गोड पदार्थ लहान वाटीत, ज्याचा त्याने घ्यावा.

तिसरी, महिन्यातून एकदा मधुमेही मंडळींनी एकत्र बसावे. नव्याने निदान झालेल्यास, वीस वर्षे हा आजार सांभाळून नातवंडांत रमलेला माणूस समोर दिसला, की निम्मी भीती ओसरते.

भोजनाची वेळ पत्रिकेत छापावी आणि पाळावी, ही कार्यकारिणीस नम्र विनंती. स्वयंपाकघरातून वरणाला फोडणी बसल्याचा वास येतो आहे. तेव्हा प्रारंभ स्वतःपासून करून माझे भाषण वेळेत संपवितो.